काळ्या रंगाखालचा पॅक-मॅन

न्यू जर्सीत एका गॅरेज सेलमधून जुनं आर्केड कॅबिनेट (नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमची पेटी) आणलं. वर नाव नाही, बाजूंना काळा रंग थापलेला, आत भलत्याच खेळाचा जामा बोर्ड (जामा म्हणजे वेगवेगळ्या खेळांच्या बोर्डांना चालणारी एकच वायरिंग पद्धत). १९८५ नंतर या वायरिंगमुळे बोर्ड बदलणं सोपं झालं, आणि कितीतरी पेट्यांची ओळख अशीच पुसली गेली.

थिनर लावायचा मोह आवरला, ते बरं झालं. मिडवे कंपनीच्या १९८० च्या पॅक-मॅनवर स्टिकर नव्हता, स्टेन्सिलने मारलेला रंग होता! पॉलिश पेपर जेमतेम ओला करून (पाणी जास्त झालं की लाकूड फुगतं) घासत बसलो. तिसऱ्या दिवशी पिवळा दिसला. बायको म्हणाली, "लागली एकदाची हळद."

चित्राच्या कडा बटर पेपरवर गिरवून नवे स्टेन्सिल कापले. वरची नावाची पट्टी छापून घेतली. माझ्याच मापाच्या घोळाने पहिली आखूड आली.