खानदेशातली मे महिन्याची दुपार कशी काढावी: कूलर, माठ आणि आखाजीची गाणी

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, हे काही नवीन नाही. तरी लोक कूलरच्या दुकानात शिरतात ते घामाने शर्ट अंगाला चिकटल्यावरच. तेव्हा भाव चढलेले असतात आणि मिस्त्री सापडत नाही. खरेदी होळीच्या आसपास उरकावी. माझं मत असं, की आपल्या कोरड्या हवेत वस्तू किती महाग घेतली यापेक्षा ती कुठे ठेवली यावर गारवा ठरतो.

पहिल्यांदा खोली मोजा. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीला तासाला साधारण हजार घनमीटर हवा फेकणारा कूलर पुरतो. प्लास्टिकचा कूलर गंजत नाही, दिसायलाही बरा. तरी मी पत्र्याचाच सुचवीन. त्याचा पंखा मोठा असतो आणि पंप, मोटर, गवत सगळं गल्लीतल्या दुकानात मिळतं. अट एकच, अर्थिंग पक्कं हवं. पाणी भरताना नुसतं बटण बंद करू नका, पिनच काढून ठेवा. पत्र्याच्या कूलरचा शॉक ही थट्टेची गोष्ट नाही.

मग जागा. कूलर खिडकीबाहेर, स्टँडवर, सावलीत बसवा. पश्चिमेची भिंत टाळा. समोरची खिडकी किंवा दार वीतभर उघडं ठेवा. इथेच बहुतेक घरांत चुकतं: गार हवा बाहेर जाईल म्हणून सगळं गच्च बंद करतात, आणि तासाभरात खोली दमट होऊन अंग चिकचिकतं. कूलर गार करतो तो पाण्याची वाफ करून. दमट हवेत वाफ होईना, की तो नुसता पंखा उरतो. म्हणून जूनमध्ये आभाळ भरून आलं की पंप बंद करावा.

टाकीत बर्फ टाकण्याची हौस अनेकांना असते. किलोभर बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, त्याच्या सुमारे सातपट उष्णता किलोभर पाण्याची वाफ होताना ओढली जाते. बर्फाचे पैसे चांगल्या गवतावर घाला. वाळा मिळाला तर उत्तम, वासासाठी तरी.

आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून आतल्या बाजू ब्रशने घासा. बोअरच्या पाण्याचे क्षार गवतावर पांढरे थर धरतात, ते कमी होतात. शिवाय डेंग्यूचा डास अंडी टाकीच्या भिंतीला चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी टिकतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून भागत नाही.

माठाचं गणित तेच. स्वयंपाकघराच्या कोंदट कोपऱ्यात माठ गार होत नाही. त्याला वारं लागलं पाहिजे. तिवईवर, दाराच्या झुळकीत ठेवा, भोवती ओलं फडकं गुंडाळा. नवा माठ वापरण्याआधी दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा. आतून साबण लावू नका. वर्षभरात क्षारांनी त्याची छिद्रं बुजतात आणि मग पाणी कोमट लागायला लागतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी घागर पुजून तिच्यावर डांगर (खरबूज) ठेवायची आपली रीत ऐन उन्हाळ्यातच येते, त्याच बाजाराच्या फेरीत पिण्याच्या पाण्याचा माठही बदलून घ्या.

घरात आणखी एक हवं, आणि ते फुकटच आहे: लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालेल्याला घोटघोट पाजायला. ऊन लागून कोणी बरळायला लागलं, तर मात्र घरगुती उपायात वेळ घालवू नका. अंगावर पाणी मारत, वारा घालत सरळ दवाखान्यात न्या.

आता बारा ते चार. पहाटे उठून गच्चीवर बिबडे (ज्वारीचे पापड) घालून झाले की बायकांना हाच काय तो निवांतपणा. मोबाईल चाळून डोळे दुखवण्यापेक्षा मला आवडणारा उद्योग सांगते: घरातल्या आजी-मावशीकडून आखाजीची, झोक्यावरची अहिराणी गाणी शिकायची आणि फोनमध्ये उतरवून ठेवायची.

आधी विचारा, रेकॉर्ड करू का म्हणून. कूलर आणि पंखा तेवढ्यापुरता बंद करा, नाहीतर गाण्याऐवजी घरघरच ऐकू येते. फोन विमान मोडवर टाकून तोंडापासून हातभर अंतरावर उशीवर ठेवा. एकदा पूर्ण गाऊ द्या, मध्ये थांबवू नका. शब्द नंतर विचारा. दोघी बहिणींना एकत्र बसवलं तर आणखी छान. एकीला विसरलेलं कडवं दुसरी पुरवते, आणि कुणाचा शब्द खरा यावर भांडतातही. ते भांडणही राहू द्या रेकॉर्डिंगमध्ये. तुम्ही गाणं वहीत उतरवताना अहिराणी आहे तशीच लिहा, पुस्तकी मराठीत दुरुस्त करू नका. फाईलला गाणारीचं नाव, माहेरचं गाव आणि साल द्या, आणि एक प्रत त्याच दिवशी तिच्या लेकीच्या फोनवर पाठवून द्या.