लॅबच्या संगणकावरून उठताना आपलं खातं उघडं ठेवू नका

परीक्षेचा अर्ज, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, प्रोजेक्ट. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांतून येणाऱ्या पोरापोरींचं हे सगळं काम कॉलेजच्या लॅबमध्येच होतं. कागदपत्रं आणि ओटीपीचा मोबाईल जवळ ठेवा, हे सांगायला नको.

संगणकासमोर बसलात की क्रोम ब्राउझर उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि एन एकत्र दाबा आणि जी इनकॉग्निटो विंडो (बंद केली की लॉगिन विसरणारी खिडकी) उघडेल तिच्यातच काम करा. अर्ज पानापानाला सेव्ह करत चला.

आता उठण्याबद्दल. इथेच घोळ होतो आणि इथेच सगळ्यात चुकीचे सल्ले मिळतात. ‘क्रॉसवर क्लिक केलं की मेल बंद होतो’ हा त्यातला पहिला. साध्या विंडोत उघडलेला जीमेल क्रॉस केल्याने बंद होत नाही. पुढच्याने जीमेल उघडला की तुमचंच खातं समोर येतं. ‘हिस्टरी पुसा’ हाही अर्धवट सल्ला आहे. कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या नोंदी, पुसल्या नाहीत तर लॉगिन तसंच राहतं.

त्यात आपल्याकडे लाईन जाते. मी शेवटच्या वर्षाला होतो. साध्या विंडोत मेल उघडा होता, लाईन गेली, यूपीएसने दम तोडला आणि पाचची एसटी चुकू नये म्हणून मी तसाच पळालो. दुसऱ्या दिवशी त्याच संगणकावर एका मुलाने माझ्याच मेलवरून उत्पन्नाचा दाखला पाठवला. खातं आपलं नाही हे त्याला कळलंच नाही. दाखला अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा, असं उत्तर आलं ते माझ्याकडे. मी ते तीन दिवसांनी पाहिलं, तोवर त्याची मुदत संपली होती. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून उठताना हाच क्रम ठेवा. आधी प्रत्येक साइटवरून लॉगआउट करा. मग इनकॉग्निटोच्या सगळ्या विंडो बंद करा. एक जरी उघडी राहिली तरी लॉगआउट करायचं राहून गेलेलं लॉगिन जिवंत असतं. नंतर डाउनलोड फोल्डर उघडा. इनकॉग्निटोत उतरवलेली फाइल आपोआप जात नाही; आधार, टीसी, मार्कशीट सगळं तिथेच पडून राहतं. शिफ्ट धरून डिलीट करा, नाहीतर ती रिसायकल बिनमध्ये जाते.

लाईन मध्येच गेली तर इनकॉग्निटोतलं लॉगिन संपतं. साध्या विंडोत होता? मग एसटीत बसल्या बसल्या मोबाईलवर गुगल खात्याच्या ‘सिक्युरिटी’त जा आणि लॅबचा संगणक साइन आउट करा. व्हॉट्सअ‍ॅपसाठी ‘लिंक्ड डिव्हायसेस’. घरी पोचेपर्यंत थांबू नका.

इनकॉग्निटोने तुम्ही अदृश्य होता, हा समज सोडा. कॉलेजच्या नेटवर्कवर तुम्ही कोणत्या साइटवर गेलात याची नोंद राहू शकते.

पासवर्ड मित्रालाही देऊ नका. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66 क खाली गुन्हा आहे. 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. एन-लिस्टचा, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन जर्नल आणि पुस्तकं देणाऱ्या सेवेचा, आयडीही तुमच्या एकट्याचाच. त्यावरून जर्नलचे अंकच्या अंक उतरवू नका. प्रकाशकाने प्रवेश रोखला तर भोगावं लागतं सगळ्या कॉलेजला.

लॅबमध्ये सिनेमा नको. समजा 50 एमबीपीएसचं इंटरनेट 25 संगणकांत वाटलं, तर वाट्याला 2 येतात. एचडी व्हिडिओ एकटा 5 च्या आसपास खातो आणि शेजारणीचा अर्ज गोल गोल फिरत राहतो.

लाईन आल्यावर ब्राउझरने ‘रिस्टोअर’ विचारलं तर दाबू नका, आधीच्याची पानं उघडतील. दुसऱ्याचं खातं उघडं सापडलंच, तर काही न वाचता लॉगआउट करा आणि मगच आपलं उघडा.