लाकडाच्या भुशातून एन्झाईम काढताय? या चुका टाळा

"मॅडम, स्पॉन खराब निघालं." भांडुपच्या आमच्या गाळ्यात प्रोजेक्टसाठी येणाऱ्या पोरांचं हे वाक्य मला पाठ झालंय. स्पॉन म्हणजे गव्हाच्या दाण्यांवर वाढवलेलं बुरशीचं बियाणं. भुशात घातलं की बुरशी वाढते आणि लाकूड पचवणारी प्रथिनं, म्हणजे एन्झाईम, सोडते; तीच आपल्याला हवी असतात. हे स्पॉन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. घोळ भुशात असतो. पण भुसा फुकट मिळतो, म्हणून त्याच्याकडे कुणी बघतच नाही. सगळा पैसा आणि सगळी काळजी कल्चरवर आणि केमिकल्सवर.

मी स्वतः यात आपटलेय. एका जुलैत फर्निचरच्या कारखान्यातून दोन गोणी भुसा आला, पिवळसर, मैद्यासारखा बारीक. लॅकेज (लाकडातलं लिग्निन तोडणारं एन्झाईम) हवं होतं, म्हणून धिंगरीचं, म्हणजे ऑयस्टर मशरूमचं, स्पॉन घातलं. एरवी चार-पाच दिवसांत दाण्याभोवती पांढरी लव धरते. इथे पंधरा दिवसांनीही गव्हाचे दाणे जसेच्या तसे. स्पॉनवाल्या काकांना फोनवर झापलं, नवं स्पॉन आणलं, पुन्हा तेच. शेवटी चमचाभर भुसा काचेच्या ग्लासात घेऊन त्यावर कढत पाणी ओतलं आणि नाक जवळ नेलं. असा झणका बसला की डोळ्यांतून पाणी आलं. तडक कारखाना गाठला. "भाऊ, यात काय काय असतं?" तर म्हणे, "मॅडम, नुसतं लाकूड आता कुठे कापतो आम्ही? सगळा एमडीएफ."

एमडीएफ म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्या; त्या आणि बरंचसं प्लाय युरिया-फॉर्माल्डिहाइडच्या गोंदाने चिकटवलेलं असतं. फॉर्माल्डिहाइड बुरशी मारतं. मी महिनाभर बुरशीला विष वाढत होते आणि शिव्या काकांना. मिठाई घेऊन माफी मागायला जावं लागलं.

सागाचा भुसाही नको. साग वर्षानुवर्षं टिकतो तो त्याच्यातल्या बुरशीविरोधी द्रव्यांमुळे, आणि तुम्ही नेमका तोच बुरशीच्या ताटात वाढता. मी रे रोडच्या वखारीत जाऊन आंब्याचा भुसा आणते, करवतीसमोर उभी राहून. "सगळा मिक्स आहे पण चांगला आहे" म्हणणाऱ्याकडून घेत नाही. आणि प्रत्येक नव्या गोणीची कढत पाण्याची परीक्षा होतेच.

दुसरी चूक पाण्याची. इंटरनेटवरचं "एक किलो भुशाला इतकं पाणी" हे माप कोरड्या भुशाचं असतं. मुंबईच्या पावसाळ्यात जमिनीवर ठेवलेली गोणी आधीच पाणी पिऊन बसलेली असते. त्यावर पुन्हा मापाने पाणी ओतलं की पिशवीच्या तळाशी डबकं होतं, हवा कोंडते आणि आंबूस वास सुटतो. ओलावा साधारण 60 ते 65 टक्के हवा. वहीत लिहायला मी मूठभर भुसा ओव्हनमध्ये सुकवून वजन करते, पण निर्णय मुठीचाच. घट्ट दाबल्यावर बोटांतून एक-दोन थेंब यावेत, मूठ उघडल्यावर गोळा टिकावा, बोटाने टोचला की फुटावा. धार लागली तर आणखी कोरडा भुसा घाला. "चालतंय मॅडम" चालत नाही.

भुसा फार बारीक असेल तर रंध्याचे छिलके मिसळा. रात्रभर भिजवा, कारण कोरड्या गुठळीत वाफ शिरत नाही. कुकरमध्ये पिशवी निर्जंतुक करताना शिट्ट्या मोजू नका, डाळ शिजवत नाही आपण. अर्ध्या किलोच्या पिशवीला 15 पौंड दाबावर, म्हणजे 121 अंशांवर, पूर्ण तासभर लागतो. गव्हाचा कोंडा सुक्या भुशाच्या दहा टक्क्यांवर नेऊ नका. आणि रोज पिशवी उघडून बघू नका, हात जोडते.

हिरवा डाग दिसला की पोरं तेवढाच भाग कापून टाकतात. ट्रायकोडर्मा नावाची दुसरीच बुरशी असते ती, डाग दिसेपर्यंत आत सगळीकडे पोचलेली असते. पिशवी न उघडता कुकरमध्ये घाला, मग फेका. गंमत अशी की सेल्युलेज, म्हणजे लाकडातल्या सेल्युलोजची साखर करणारं एन्झाईम, हवं असेल तर हाच ट्रायकोडर्मा कामाचा गडी. त्याची प्रसिद्ध जात, ट्रायकोडर्मा रिसाय, दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन लष्कराचे सुती तंबू खाताना सापडली. पावसाळ्यात आपल्या चपलांना बुरा येतो, तसंच काहीसं, फक्त नुकसान मोठं. म्हणून धिंगरी आणि ट्रायकोडर्मा मी एका खोलीत कधीच ठेवत नाही.

शेवटची चूक आकड्यांची. डीएनएस म्हणजे साखर असली की रंग धरणारं रसायन. गेल्या वर्षी एक मुलगा भुशाचा अर्क घालून केलेल्या डीएनएसच्या नळ्या नाचवत आला. सेल्युलेज भरपूर! रंग खरंच गडद लालसर तपकिरी. मी म्हटलं, "हाच अर्क दहा मिनिटं उकळ आणि पुन्हा कर." एन्झाईम मेल्यावरही रंग जवळपास तोच आला. तो एन्झाईमचा रंग नव्हताच, कोंड्यातून आलेल्या साखरेचा होता. माझ्याकडे प्रत्येक अर्काबरोबर उकळलेला अर्कही रॅकमध्ये उभा राहतो, लॅकेज असलं तरी. पोरगा दोन दिवस रुसला होता. तिसऱ्या दिवशी मलमलच्या फडक्यातून नवा अर्क गाळून, डबा बर्फात ठेवून आला, आणि दुसऱ्या हातात उकळायची नळी.