मलाझनमध्ये मधूनच शिरलात तर आधी सैन्य धरा

जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला 'मलाझन बुक ऑफ द फॉलन' या इंग्रजी फँटसी कादंबरीमालिकेचा दुसराच भाग मिळाला, 'डेडहाउस गेट्स'. पहिल्याची वाट न बघता मी तो वाचायला घेतला. तुमच्याही हाती असाच मधला भाग आला असेल, तर (तिसरा सोडून) तो बाजूला ठेवू नका. स्टीव्हन एरिकसनचे हे दहा भाग १९९९ ते २०११ या काळात आले. लेखक मूळचा पुरातत्त्वाचा आणि मानववंशशास्त्राचा माणूस. हे जग त्याने आणि इयन एसलमाँट या मित्राने आधी रोल-प्लेइंग, म्हणजे एकेक पात्र होऊन खेळायच्या खेळासाठी रचलं होतं. वाचकाला बसवून समजावणं त्याच्या स्वभावातच नाही. पहिल्या भागापासून सुरुवात करणाराही बराच काळ चाचपडतच असतो, त्यामुळे तुमचं फारसं काही बुडालेलं नाही.

मी शाळेत इतिहास शिकवते, आणि मोहीम समजून घ्यायची माझी सवयच इथे कामी आली. पात्रं लक्षात ठेवायला जाल तर पन्नासाव्या पानावर थकाल. आधी सैन्य धरा. ते कुठून निघालं, कुठे पोचायचंय, सोबत कोण आहे, पाठलागावर कोण आहे, एवढंच बघा.

'डेडहाउस गेट्स'मध्ये चार-पाच कथानकं आलटून पालटून येतात. त्यातलं कोल्टेनचं कथानक पहिल्यांदा पकडा. सेव्हन सिटीज खंडात मलाझन साम्राज्याविरुद्ध बंड पेटलंय. सातव्या सैन्याचा सेनापती कोल्टेन हजारो निर्वासितांना घेऊन हिस्सारहून निघतो, त्याला एरन गाठायचंय. पुस्तकाच्या सुरुवातीच्या नकाशाची झेरॉक्स काढा आणि पेन्सिलीने रेघ ओढत चला: हिस्सार, सेकाला नदीचा उतार, गेलोर टेकडी, वाथार, एरन. नकाशात नाव सापडलं नाही तर अंदाजाने टिंब द्या. प्रत्येक ठिकाणाशेजारी दोन ओळी पुरतात. माझ्या कागदावर सेकालापाशी लिहिलंय, 'पाणी ओलांडताना माणसं, गुरं, गाड्या सगळं एकत्र. मागून कामिस्त रेलो.' पुढे कोर्बोलो डॉम हे नाव आलं की तेही पाठलागाच्या बाजूला टाका. नावं अशी जागेला चिकटली की विसरत नाहीत.

पानिपतावर थोडंफार वाचलेल्या मराठी माणसाला हा भाग कुणी समजावून द्यावा लागत नाही. १७६०-६१मध्ये भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर बायकापोरं, यात्रेकरू, बाजारबुणगे होते, आणि रसद तुटल्यावर त्या गर्दीचं काय ओझं झालं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कोल्टेनच्या छावणीत पाण्यावरून आणि गाड्यांवरून उमराव कटकट करतात, तेव्हा त्याचा निर्णय कठोर का असतो ते लगेच उमगतं. हे सगळं आपण ड्यूकरच्या डोळ्यांनी बघतो. तो साम्राज्याचा अधिकृत इतिहासकार, आणि स्वतः जुना शिपाई. मला या मालिकेतला सगळ्यात जवळचा माणूस तोच वाटतो.

मागच्या भागातलं अगदी थोडं माहीत असलं तरी भागतं. लसीनने आधीच्या सम्राटाला बाजूला सारून गादी घेतली. फिडलर आणि कलाम हे ब्रिजबर्नर्स या गाजलेल्या पलटणीतले. अप्सलार नावाच्या मुलीचा ताबा काही काळ एका देवाने घेतला होता, म्हणून कोवळ्या वयात तिला मारेकऱ्याचं कसब अवगत आहे. या भागातल्या आणखी एका कथानकातल्या फेलिसिनची बहीण टॅव्होर साम्राज्ञी लसीनचा उजवा हात झालीय. बस.

जादूचं कोडं सोडवत बसू नका. 'वॉरेन' म्हणजे जादूगार जिथून शक्ती ओढतो ती जागा, आणि कधीकधी तीच प्रवासाची वाटही. ओटाटरल हे गंजाच्या रंगाचं खनिज जादू निष्प्रभ करतं. बाकीचं पुढे आपोआप उलगडतं.

पुस्तकाच्या पुढे पात्रांची यादी असते, ती गटांनुसार लावलेली आहे. ज्या गटाचं प्रकरण चालू असेल तेवढाच गट वाचा. शेवटी शब्दसूची आहे, अडलात तर तिथे बघा. नावं इंटरनेटवर मात्र शोधू नका. शोधपट्टीत नाव अर्धं टाइप होतंय तोच खाली 'मृत्यू' शब्द सुचवला जातो, आणि या मालिकेत ते फार मोठं नुकसान आहे. प्रकरणांच्या सुरुवातीला कविता आणि काल्पनिक इतिहासग्रंथांतले उतारे येतात. प्रकरण संपल्यावर ते पुन्हा वाचा, तेव्हा खरे बोलतात.

दुसरा भाग संपला की पहिला, 'गार्डन्स ऑफ द मून' मिळवा, मगच तिसरा घ्या. तिसरा, 'मेमरीज ऑफ आइस', दुसऱ्याच्याच काळात दुसऱ्या खंडावर, जेनाबॅकिसमध्ये घडतो, आणि पहिल्यातल्या माणसांवर उभा आहे. तुमच्या हाती आधी तिसराच आला असेल तर तो थांबवा, पहिला शोधा. 'मिडनाइट टाइड्स' हा पाचवा मिळाला असेल तर बिनधास्त सुरू करा. लेथर हे खंड तिथे पहिल्यांदाच भेटतं, माणसंही जवळजवळ सगळी नवी. चौथ्यातला ट्रल सेंगार मात्र आधी भेटलेला असेल तर पाचव्यातली त्याची कहाणी जास्त लागते, म्हणून जमलं तर चौथा आधी.