बर्फाच्या पेटीतून मॅश टन

घरी बिअर करताना माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात धरून ठेवायचं भांडं म्हणजे मॅश टन. मी तो पिकनिकच्या बर्फाच्या पेटीतून करते. माझा पहिला मॅश टन मी थंड पाण्याने भरून रात्रभर ठेवला होता. खाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, ते सकाळी खडखडीत कोरडं. मी खूश. दुपारी त्यात 73 अंशांचं पाणी आणि पाच किलो भरडलेलं माल्ट घातलं, तर विसाव्या मिनिटाला नळाच्या मुळाशी एक चिकट थेंब जमला. थोड्या वेळाने त्याची बारीक धार झाली आणि उरलेला वेळ मी पेटीखाली पातेलं धरून बसले. गरम पाण्याने प्लास्टिक नरमतं, आणि थंड असताना आवळून बसलेला नट मग सैल पडतो. तेव्हा गळती तपासायची ती गरम पाण्यानेच.

बाकी या भांड्यात अवघड असं काही नाही. माल्ट आणि पाण्याचं मिश्रण, म्हणजे मॅश, तासभर 65 ते 68 अंशांवर धरून ठेवायचं, म्हणजे माल्टमधली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. मग तळातून गोड रस, म्हणजे वर्ट, काढून घ्यायचा आणि चोथा मागे ठेवायचा. तापमान 65 च्या आसपास राहिलं तर यीस्टला पचणारी साखर जास्त तयार होते आणि बिअर कोरडी होते. 68 च्या पुढे गेलं तर ती तोंडात जरा भरीव लागते. एवढ्याशा फरकावर चव फिरते, म्हणून पिकनिकची पेटी. बर्फ धरून ठेवणारी भिंत गरम पाणीही तितक्याच इमानाने धरते.

मापाचा हिशोब आधी करा. 20 लिटर बिअरसाठी साधारण 5 किलो माल्ट आणि किलोमागे 3 लिटर, म्हणजे 15 लिटर पाणी. भिजलेलं किलोभर माल्ट आणखी दोन तृतीयांश लिटर जागा खातं. झाले अठरा-साडेअठरा लिटर. पंचवीस-तीस लिटरची पेटी पुरते. त्याहून फार मोठी घेतलीत तर वरची रिकामी हवा उष्णता ओढत राहते. पेटी उभी गोल की आडवी चौकोनी यावर लोक भांडतात. मी दोन्ही वापरल्या, मला फरक जाणवला नाही. तळाला लागून निचऱ्याची तोटी असलेली मात्र बघा, म्हणजे भोक पाडायचं काम वाचतं.

आता ते भोक. पेटीची प्लास्टिकची तोटी आतला नट सोडवून काढून टाका. तिच्या जागी अर्ध्या इंची स्टेनलेसचं निपल, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला आखूड पाइप, आणि बाहेर बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आत फिरणारा चेंडू असलेली तोटी. आतून बाहेर क्रम असा: कपलिंग (आतून आटे असलेला जोडतुकडा), स्टीलचा वॉशर, सिलिकॉनची ओ-रिंग (गोल कडी), पेटीची भिंत, पुन्हा सिलिकॉनचा वॉशर, स्टीलचा वॉशर, मग लॉकनट आणि शेवटी व्हॉल्व्ह. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार-पाच वेढे, आट्यांच्या दिशेनेच. ओ-रिंग भिंतीला आतून टेकायला हवी, कारण पाणी आतून दाबतं आणि दोन भिंतींच्या मधल्या फोममध्ये एकदा वर्ट शिरला की त्याचा आंबट वास पेटी टाकेपर्यंत जात नाही.

माझ्या पहिल्या पेटीत चूक नेमकी इथे होती. भिंती दोन, मध्ये मऊ फोम. नट आवळत गेले तसतशी आतली भिंत फोममध्ये दबत गेली आणि ओ-रिंग वाकडी बसली. उपाय अगदी किरकोळ: भोकात भिंतीच्या जाडीएवढा पाइपचा तुकडा बसवा आणि निपल त्याच्यातून घाला. मग आवळण्याचा सगळा जोर त्या तुकड्यावर येतो, भिंत दबत नाही. तुकडा कानशीने घासून भिंतीपेक्षा केसभर आखूड ठेवा, नाहीतर ओ-रिंग दाबलीच जाणार नाही. हाताने आवळा, मग पान्याने पाव फेरा. जास्त नाही.

एक गोष्ट दुकानातच बघून घ्या. पाइपांच्या आट्यांची दोन मापं असतात, ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी. अर्ध्या इंचात दोन्हींचे आटे इंचाला 14 असतात, म्हणून एकमेकांत दोन-तीन फेरे छान बसतात. पण एकाच्या आट्याचा कोन 55 अंश, दुसऱ्याचा 60. पुढे ते अडतात, आणि कितीही टेप गुंडाळली तरी झिरपतात.

गाळणीसाठी तांब्याच्या पाइपांना हॅकसॉने खाचा पाडून चौकट करता येते. मी एकदा केली, दोन संध्याकाळी गेल्या. आता मी बेसिनखाली असते ती स्टीलच्या जाळीची नळी घेते. जाळी स्टेनलेसची असल्याची खात्री करा. दोन्ही टोकं कापा आणि आतली रबरी नळी काढा. नाडी ओढावी तशी जाळी ओढलीत तर ती आणखी आवळते. दोन्ही टोकांनी मध्ये ढकला, जाळी फुगते आणि नळी सुळकन बाहेर येते. एक टोक तीनदा दुमडून पक्कडीने चेपा, दुसरं कपलिंगला लावलेल्या होज बार्बवर, म्हणजे नळी चढवायच्या खाचेदार टोकावर, चढवून स्टेनलेस क्लॅम्पने आवळा. माल्टच्या वजनाने जाळी चपटी होते, म्हणून आत स्टेनलेस तारेची सैल स्प्रिंग सरकवा.

झाकण बहुतेक वेळा पोकळ असतं. वरच्या बाजूने चार बारीक भोकं पाडून फुगणारा फोम भरा, थोडा थोडा. मी एका दमात भरला होता. ते झाकण आजही घुमटासारखं फुगलेलं आहे. पण आधी तासाला तीन अंश उतरणारं तापमान आता जेमतेम एक अंश उतरतं, म्हणून घुमट चालवून घेते.

पाणी किती गरम घ्यायचं? 0.41 ला किलोमागच्या लिटरांनी भागा, मॅश आणि कोरड्या माल्टच्या तापमानांतल्या फरकाने गुणा, त्यात मॅशचं तापमान मिळवा. माल्ट 25 अंशांवर, मॅश 67 वर हवा, किलोला 3 लिटर: उत्तर 72.7. पेटी स्वतःही उष्णता पिते, म्हणून आधी चार-पाच लिटर कढत पाणी घालून झाकण लावून दहा मिनिटं ठेवा आणि ओतून द्या. उकळतं पाणी नको, त्याने आतली भिंत फुगून वाकते. माल्ट थोडं थोडं घाला, ढवळत राहा. गुठळ्यांच्या पोटात कोरडं पीठ राहतं.

तासाभराने व्हॉल्व्ह किंचितच उघडा. पहिले दोन-तीन लिटर गढूळ येतात, ते हलक्या हाताने परत वर ओता. घाईने सगळा उघडलात तर चोथा जाळीवर दाबून बसतो आणि धार बंद पडते. तसं झालंच तर व्हॉल्व्ह मिटा, चोथा ढवळा, दहा मिनिटं बसू द्या आणि पुन्हा सुरू करा. किलोला सुमारे लिटरभर पाणी चोथा पिऊन टाकतो, ते धरून चोथ्यात उरलेली साखर धुऊन काढायचं पाणी घ्या, आणि ते 77 अंशांच्या वर नको, नाहीतर सालीतला तुरटपणा उतरतो.

शेवटी भांडं धुताना व्हॉल्व्ह अर्धा उघडा ठेवून गरम पाण्यात बुडवा. पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद असला की चेंडूभोवतीच्या पोकळीत वर्ट अडकून राहतो, आणि तिथली बुरशी बाहेरून दिसत नाही.