घरातल्या दोन संगणकांवर ग्रॅम्प्स वापरताय? या चुका टाळा

एका रविवारी दुपारी मी लॅपटॉपवर आमच्या कऱ्हाडच्या शाखेतली 14 माणसं वंशावळीत घातली. आत्यांना फोन लावून एकेकाचं जन्मवर्ष विचारून घेतलं होतं. त्याच वेळी बाहेरच्या खोलीतल्या डेस्कटॉपवर मुलगी जुने फोटो जोडत बसली होती. दोन्हीकडे ग्रॅम्प्स हे वंशावळ ठेवायचं सॉफ्टवेअर, आणि त्याचं अख्खं फोल्डर सिंकिंगला लावलेलं, म्हणजे एका संगणकावरचा बदल आपोआप दुसऱ्यावर जावा असं. रात्री बघितलं तर मुलीचे फोटो जागेवर होते, माझी 14 माणसं नव्हती. आत्यांना पुन्हा फोन करावा लागला, आणि दुसऱ्या वेळी त्यांना दोन जन्मवर्षं आठवेनात. ती दोन घरं आजही रिकामी आहेत. म्हणून हे लिहितोय.

ग्रॅम्प्स मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. पण एका वेळी एका माणसाने एका संगणकावर वापरावं अशा बेताने ते बांधलेलं आहे. ‘सेटिंग्ज’ म्हणून आपण ज्याला एकच गठ्ठा समजतो, त्यात प्रत्यक्षात तीन वेगळ्या गोष्टी असतात: काही वंशावळीच्या, काही त्या संगणकाच्या, काही आपल्या आवडीनिवडीच्या. पुढच्या बहुतेक चुका हा गठ्ठा न सोडवता उचलल्यामुळे होतात.

चालू वंशावळ सिंक फोल्डरात ठेवणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 5.1 आवृत्तीपासून नवी वंशावळ एसक्यूलाइट डेटाबेसात साठवली जाते. ‘ग्रॅम्प्सडीबी’ नावाच्या फोल्डरात प्रत्येक वंशावळीचं अक्षरं-आकड्यांच्या लांबलचक नावाचं एक फोल्डर असतं आणि सगळी माणसं त्यातल्या एकाच फायलीत असतात. सिंक करणाऱ्या प्रोग्रॅमला आतली माणसं दिसत नाहीत, त्याला फक्त फाइल दिसते. दोन्हीकडे बदल झाला की तो एक फाइल ठेवतो आणि दुसरी बाजूला टाकतो. ग्रॅम्प्स लिहीत असतानाच फाइल उचलली गेली तर ती अर्धवट जाते आणि उघडतच नाही.

त्याच फोल्डरात ‘लॉक’ नावाची छोटी फाइल असते. वंशावळ कोणीतरी उघडली आहे, हे सांगण्यासाठी. सिंकमुळे तीही दुसऱ्या संगणकावर पोचते आणि तिथे वंशावळ कुलूपबंद दिसते. अशा वेळी कुलूप तोडण्याची घाई करू नका. आधी दुसऱ्या खोलीत जाऊन विचारा, खरंच कोणी बसलंय का.

माझ्यासारखं घडून गेलं असेल तर लगेच हार मानू नका. सिंकसाठी सिंकथिंग हा प्रोग्रॅम वापरत असाल तर वंशावळीच्या फोल्डरात नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ असलेली फाइल आहे का बघा. असेल, तर ग्रॅम्प्स दोन्हीकडे बंद करा. त्या संपूर्ण फोल्डराची वेगळ्या नावाने प्रत काढा. प्रतीतल्या ‘नेम’ नावाच्या मजकूर फायलीत वंशावळीचं नाव बदला आणि कॉन्फ्लिक्टवाल्या फायलीला मूळ डेटाबेस फायलीचं नाव देऊन तिच्या जागी ठेवा. आता वंशावळींच्या यादीत ती स्वतंत्र नोंद म्हणून दिसेल, उघडून हरवलेली माणसं बघता येतील. मला हे कळलं तोवर मी ती फाइल कचरा समजून पुसली होती.

खरा उपाय सोपा आहे. डेटाबेस सिंक करू नका, त्याचा बॅकअप सिंक करा. प्रेफरन्सेसमध्ये बाहेर पडताना बॅकअप घेण्याची सोय आहे आणि तो कुठे ठेवायचा तेही सांगता येतं. ते ठिकाण सिंक फोल्डरात द्या. बॅकअप फायलीच्या नावात तारीख-वेळ येते, त्यामुळे जुन्यावर नवी चढत नाही. दुसऱ्या संगणकावर काम सुरू करताना नवी, रिकामी वंशावळ तयार करून त्यात ती फाइल इम्पोर्ट करा. भरलेल्या वंशावळीत इम्पोर्ट केलं की आजोबा दोनदा दिसू लागतात, आणि मग जोड्या शोधून एकेक जुळवत बसावं लागतं. देवाणघेवाणीसाठी जेडकॉम, म्हणजे वंशावळीच्या बहुतेक सॉफ्टवेअरना कळणारा फायलीचा प्रकार, तोही वापरू नका. दुसऱ्या सॉफ्टवेअरला माहिती द्यायला ते ठीक आहे, पण ग्रॅम्प्समधून ग्रॅम्प्समध्ये जाताना काही तपशील त्यात गळतात.

ग्रॅम्प्स.आयएनआय सरसकट चिकटवणे

सेटिंगची ही मुख्य फाइल. हिच्यात तारीख कशी दाखवायची, नाव कसं दाखवायचं, संशोधक म्हणून तुमचं नाव-पत्ता, या गोष्टी असतात. त्या दोन्हीकडे सारख्या हव्यात हे मान्य. पण डेटाबेस कुठे आहे, अहवाल कुठे जातात, खिडक्या पडद्यावर कुठे उघडतात, हेही तिच्यातच असतं. विंडोजवरची ‘सी’ ड्राइव्हची वाट, म्हणजे फाइलचा पाथ, लिनक्सला काय कळणार? वंशावळींची यादी रिकामी दिसते आणि सगळं गेलं असं वाटून पोटात गोळा येतो. काही गेलेलं नसतं. प्रेफरन्सेसमध्ये डेटाबेसची वाट पुन्हा बरोबर द्या, यादी परत येते.

फाइल साध्या मजकुराची आहे. ज्या ओळींच्या आरंभी दोन अर्धविराम आहेत त्या मूळच्याच, तुम्ही न बदललेल्या. उरलेल्यांतून हव्या तेवढ्याच ओळी दुसरीकडे न्या. ग्रॅम्प्स बंद असताना न्या. बाहेर पडताना ते ही फाइल स्वतः लिहितं, चालू असताना केलेली दुरुस्ती त्यात पुसली जाते.

फाइल सापडत नसेल तर आधी आवृत्ती बघा. प्रत्येक आवृत्तीचं सेटिंग वेगळ्या फोल्डरात असतं, आणि 5.2 पासून लिनक्सवर सेटिंग, माहिती व तात्पुरत्या फायली यांच्या जागाही वेगळ्या झाल्या. फ्लॅटपॅकने (लिनक्सवर प्रोग्रॅम बसवायची एक पद्धत) बसवलेल्या ग्रॅम्प्सचं बिऱ्हाड तर निराळ्याच फोल्डरात असतं. दोन लिनक्स संगणक म्हणजे दोन सारख्या जागा, असं धरून चालू नका.

नावाचा साचा गेला

आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. हा क्रम हवा म्हणून बहुतेक जण ग्रॅम्प्समध्ये स्वतःचा साचा बनवतात. साचा वंशावळीत साठतो, पण ‘सध्या कोणता साचा वापरायचा’ ही निवड सेटिंगच्या फायलीत असते. फक्त सेटिंग नेलं आणि तिकडच्या वंशावळीत तो साचा नसला, तर नावं मूळच्या साच्यात, आडनाव आधी लावून दिसतात. माहिती शाबूत असते. बॅकअप इम्पोर्ट करा, साचाही सोबत येतो. मग तो एकदा निवडा.

फोटो सापडत नाहीत

ग्रॅम्प्स फोटो पोटात घेत नाही, फक्त वाट लक्षात ठेवतं. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतल्या आमच्या पानांचे फोटो मुलीने डेस्कटॉपच्या पूर्ण वाटेने जोडले होते, लॅपटॉपवर सगळ्या चौकटी रिकाम्या. टूल्समधल्या मीडिया मॅनेजरने पूर्ण वाटा सापेक्ष, म्हणजे एका मूळ फोल्डरापासून मोजलेल्या, करून घ्या आणि प्रत्येक संगणकावर माध्यमांचं मूळ फोल्डर नेमून द्या. हे मूळ फोल्डर वंशावळीसोबत प्रवास करतं, म्हणून नव्याने इम्पोर्ट केल्यावर पहिलं काम ते तपासायचं. विंडोजवर वनड्राइव्ह चालू असेल तर चित्रांचं फोल्डर त्याच्या पोटात सरकलेलं असू शकतं, तेही बघा. फोटोंचं फोल्डर मात्र खुशाल सिंक करा.

गाळणी चुकीची माणसं पकडते

स्वतः बनवलेल्या गाळण्या, म्हणजे फिल्टर, वेगळ्या एक्सएमएल फायलीत असतात आणि ती फाइल नेता येते. पण ‘अमक्याचे वंशज’ ही गाळणी त्या माणसाचा ग्रॅम्प्स क्रमांक धरून चालते. भरलेल्या वंशावळीत इम्पोर्ट करून क्रमांक बदलले असतील, तर गाळणी पणजोबांऐवजी भलत्याचेच वंशज दाखवते, आणि चूक झाल्याचं कुठेही सांगत नाही.

मराठीत याहून चिवट एक भानगड आहे, ती शोधायला मला आठवडा लागला. लॅपटॉपवर ‘कऱ्हाड’ची गाळणी लावली की निम्मीच माणसं येत. पडद्यावर दोन्हीकडे शब्द अगदी एकसारखा. मग लक्षात आलं, हा ‘र’ दोन प्रकारे टाइप होतो. एका कळफलकावर ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात, तर दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह येतं. आपल्या डोळ्याला फरक नाही, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. गोऱ्हे, कुऱ्हाडे, वऱ्हाड, सगळ्यांचं तेच. घरातल्या सगळ्या संगणकांवर एकच मराठी कळफलक ठेवा, आणि जुन्या नोंदी एका रूपात आणा. असंच एकाने ‘मुंज’ आणि दुसऱ्याने ‘व्रतबंध’ लिहिलं की घटनांचे दोन प्रकार तयार होतात. शब्द आधी घरात ठरवा.

आवृत्त्या वेगळ्या

नव्या आवृत्तीने वंशावळ उघडून अद्ययावत केली की जुनी ती उघडू शकत नाही. अ‍ॅडऑन, म्हणजे वरून बसवायच्या जादा सोयी, त्याही आवृत्तीला बांधलेल्या असतात, त्यांचं फोल्डर उचलून नेण्याऐवजी तिकडे नव्याने बसवा. काहींना ग्राफविझसारखे (तक्ते-आकृत्या काढणारे) वेगळे प्रोग्रॅम लागतात, ते फोल्डरासोबत येत नाहीत. दोन्ही संगणक एकाच दिवशी अद्ययावत करा, त्याआधी बॅकअप घ्या.

सध्या आमच्याकडे फोटो आणि बॅकअप एवढंच सिंक होतं. ज्याच्याकडे वंशावळ असेल तो घरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘उघडली’ लिहितो, बाहेर पडल्यावर ‘बंद’. तोवर दुसरा फक्त वाचतो. पुण्या-मुंबईची भावंडंही एकाच वेळी लिहायला लागली की हे पुरणार नाही. त्यासाठी अनेकांनी मिळून वापरायचं ग्रॅम्प्स वेब आहे आणि संगणकावरची वंशावळ त्याच्याशी जुळवणारं अ‍ॅडऑनही आहे. दिवाळीच्या सुट्टीत मुलगी ते बसवणार आहे.