कोर्टहाउस जळालंय? मग पेन्शनची फाइल काढा

माझ्या नवऱ्याचं घराणं अमेरिकेतल्या पूर्व टेनेसीतल्या एका डोंगराळ काउंटीतलं, त्याचे पूर्वज मी शोधत होते. तिथलं जुनं कोर्टहाउस जळालेलं, म्हणजे लग्नाच्या नोंदी, मृत्युपत्रं सगळं गेलं, शेवटी सैनिकांच्या पेन्शनच्या कागदांनीच तारलं.

आधी तुमचा माणूस सिव्हिल वॉरमध्ये (अमेरिकेचं 1861-65 चं यादवी युद्ध) कुठल्या बाजूने लढला ते बघा, युनियन म्हणजे उत्तरेकडची फेडरल सरकारची बाजू, कॉन्फेडरेट म्हणजे फुटून निघालेली दक्षिणेकडची राज्यं. साउथचा म्हणजे कॉन्फेडरेटच असं धरून चालू नका, पूर्व टेनेसीतून हजारो जण युनियनकडून लढलेत. 1910 च्या सेन्ससमध्ये यासाठी रकानाच आहे, युनियन आर्मी असेल तर 'यूए', कॉन्फेडरेट असेल तर 'सीए'. शिवाय 1890 चा मुख्य सेन्सस जवळपास सगळा गेला तरी युनियनच्या सैनिकांची नि विधवांची वेगळी यादी टेनेसीची तरी शिल्लक आहे.

युनियनवाल्यांचं पेन्शन फेडरल सरकारचं, फाइली वॉशिंग्टनला नॅशनल आर्काइव्ह्जकडे. कॉन्फेडरेटांचं पेन्शन राज्यांनी दिलं, टेनेसीने सैनिकांना 1891 पासून, विधवांना 1905 पासून. आणि इथेच सगळे फसतात (मीपण!), कारण अर्ज लढला त्या राज्यात नाही तर म्हातारपणी राहत होता त्या राज्यात करायचा असे, त्यामुळे गडी टेक्सासला गेला असेल तर टेनेसीच्या राजधानीत, नॅशव्हिलमध्ये, कितीही शोधा, काही मिळणार नाही.

ऑनलाइन दिसतं ते बऱ्याचदा नुसतं इंडेक्स कार्ड असतं, त्यावरचे नंबर उतरवून घ्या आणि पूर्ण फाइल मागवा. पैसे लागतात, पण द्या. विधवेची फाइल असेल तर ती आधी, तिला लग्न सिद्ध करावं लागायचं ना, म्हणून बायबलमधून फाडलेली पानं, सुईणीची जबानी, शेजाऱ्यांची शपथपत्रं, काय काय निघतं त्यात. नामंजूर झालेला अर्जही सोडू नका, नकार आला की लोक आणखी पुरावे जोडायचे.

कृष्णवर्णीय घराण्यांसाठी तर युनियनच्या कलर्ड ट्रूप्सच्या (कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणींच्या) फाइली म्हणजे खजिना. गुलामीतल्या लग्नाला कायद्याची मान्यताच नव्हती, त्यामुळे साक्षीदार सगळं तोंडी सांगत, मालक कोण होता, लग्न कुणी लावलं, मुलं कोणती. त्याआधीच्या सेन्ससमध्ये गुलामांची नावंच नसत, त्यामुळे 1870 च्या सेन्ससच्या मागे जायला अशी वाट क्वचितच सापडते.

आडनावाचं स्पेलिंग मात्र सैल धरा, अर्जदार नुसती फुली मारायचा नि कारकून कानाला येईल तसं लिहायचा. आणि साक्षीदारांची नावं वेगळी लिहून ठेवा, आमच्याकडे 'शेजारी' म्हणून सही करणारा विधवेचा सख्खा भाऊ निघाला, तिचं माहेरचं आडनाव तिथूनच कळलं.